कातळावर तंबू नको, पायथ्याला जागा द्या

मा. उपवनसंरक्षक,
पुणे वनविभाग, पुणे
यांस सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात, एका रविवारी सकाळी, पुण्यापासून दीड-दोन तासांवरच्या एका पठारावर मी टिटवीची अंडी पाहिली. पठाराचं नाव लिहीत नाही, कारण ते या पत्रातून आणखी लोकांना कळावं अशी माझी इच्छा नाही. चार अंडी होती. निमुळती टोकं आत, रुंद बाजू बाहेर. घरटं म्हणजे मुरमातली एक उथळ खळगी आणि तिच्या कडेनं हरभऱ्याएवढे खडे. रंग असा की नजर जरा हलली तर तीच अंडी पुन्हा शोधावी लागतात. त्या खळगीपासून चार पावलांवर तंबूची दोरी ताणून बांधलेली होती. आदल्या रात्री तिथे पस्तीसेक तंबू लागले होते, आणि तीन दगडांच्या एका चुलीतली राख अजून गरम होती.

मे महिन्यातल्या कातळावर टिटवीला अंडी उबवण्यापेक्षा ती गार ठेवण्याचीच मेहनत जास्त असते. भर उन्हात ती अंड्यांवर सावली धरून उभी राहते. जवळपास पाणी असेल तर पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या अंगानं अंड्यांवर बसते. नर आणि मादी पाळ्या लावतात. त्या सकाळी मात्र दोघंही आमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती आणि अंडी उघडी पडली होती. साडेनऊ वाजले होते. दगडाला हात लावला तर चटका बसत नव्हता, पण तास-दीड तासात बसला असता.

तंबू लावणारा मुलगा पंचविशीतला असेल. मी त्याला हाताला धरून तिथे नेलं. आधी त्याला अंडी दिसलीच नाहीत. दिसली तेव्हा तो उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही. मग उठून त्यानं आपल्या लोकांना हाका मारल्या आणि पंधरा मिनिटांत त्या बाजूचे सगळे तंबू काढायला लावले. आम्ही सगळेच लांब जाऊन बसलो. अर्ध्या तासानं टिटवी उतरली, इकडेतिकडे पळत राहिली आणि शेवटी अंड्यांपाशी गेली. त्यातली किती वाचली मला माहीत नाही. खाली उतरताना तो मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काकू, तुमचं पटतंय. पण मग तंबू लावायचे कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोच प्रश्न घेऊन मी आपल्याकडे आले आहे.

मी पुण्यातल्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला. त्यातली बावीस वर्षं दर हिवाळ्यात आठवी-नववीच्या मुलींना घेऊन कुठल्या ना कुठल्या डोंगरावर मुक्कामाला जात असे. त्यामुळे तंबू नकोतच, डोंगरावर कुणी राहूच नये, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. वर्गात फळ्यावर जे चाळीस मिनिटांत शिकवता येत नाही ते एका रात्रीत आपोआप समजतं. एकदा नववीतली एक मुलगी जेवण झाल्यावर कातळावर उताणी पडली होती. थंडी होती, सगळ्या जणी शाली गुंडाळून बसलेल्या. ती एकदम उठून बसली आणि म्हणाली, "बाई, दगड अजून गरम आहे." मग एकेक जण शाल बाजूला करून पाठ टेकायला लागली. दिवसभराचं ऊन काळ्या दगडानं धरून ठेवलं होतं. त्या रात्री मी त्यांना सांगितलं की हा दगड एकेकाळी वितळलेला होता, आणि तेव्हा कुणालाही ते पुस्तकातलं वाक्य वाटलं नाही.

आपल्याला हे नव्यानं सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहिते. ज्वालामुखी म्हटलं की मुलं शंकूचा डोंगर काढतात आणि त्याच्या टोकावरून धूर. आपला ज्वालामुखी तसा नव्हता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत राहिला. एक थर, मग मधली शांतता, मग दुसरा थर. आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे, आणि घाटमाथ्याच्या बाजूला थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो, म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात. या खडकाला जगभर ट्रॅप म्हणतात तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. घाटरस्त्यानं जाताना दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा थर कुजून, झिजून तयार झालेल्या मातीवर पुढचा लाव्हा आला, ती भाजली, आणि हा पट्टा राहिला. लाव्ह्याच्या या थरांच्या गटांना भूशास्त्रज्ञांनी खंडाळा, भीमाशंकर, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी आपल्याच गावांची आणि घाटांची नावं दिली आहेत.

जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर याच दगडात कोरलेलं आहे. वाघोलीच्या खाणींतून कॅव्हन्साइट नावाचं गर्द निळं खनिज निघालं ते लाव्ह्यातले बुडबुडे जिथे अडकले त्या पोकळ्यांमध्ये तयार झालेलं. जगभरातल्या संग्रहालयांत त्याचे तुकडे वाघोलीच्या नावानं ठेवलेले आहेत. वेताळ टेकडीवर रोज सकाळी हजारो पुणेकर चालतात ते याच लाव्ह्यावर. म्हणजे आपण सगळे ज्वालामुखीवरच राहतो. फक्त त्याचा जो भाग अजून उघडा, न बांधलेला, न नांगरलेला राहिला आहे तो डोंगरमाथ्यावरच्या पठारांवर. आणि नेमकी तीच जागा तंबूसाठी सगळ्यांना हवी असते, कारण ती सपाट असते, झाडं नसतात, आणि सूर्योदय दिसतो.

मे महिन्यात ते पठार पाहणाऱ्याला तिथे काहीच नाही असं वाटतं. पिवळं गवत, काळा दगड, मुरूम. तंबू लावणाऱ्या त्या मुलालाही तसंच वाटलं होतं. "काकू, मोकळीच जागा होती ना," असं तो दोनदा म्हणाला. त्याची चूक नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कातळावरची माती कुठे बोटभर, कुठे वीतभर. तिच्यात मे महिन्यात कंद झोपलेले असतात, बिया असतात, किड्यांची अंडी असतात. जूनमध्ये पाणी मुरलं की दोन-तीन आठवड्यांत दीपकाडी वर येते. मग गवत, मग आभाळी, तेरडा, सोनकी, गेंद. ओलसर खोलगट जागी सीतेची आसवं निळी-जांभळी पसरतात. या मातीत नत्र इतकं कमी असतं की सीतेच्या आसवांना मुळाजवळच्या चिमुकल्या पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून पोट भरावं लागतं. तेच दवबिंदू नावाच्या रोपट्याचं, ते पानांवरच्या चिकट थेंबांत किडे धरतं. जिथे झाडाला शिकार करून जगावं लागतं तिथे मातीचा प्रत्येक मूठभर थर किती मोलाचा असेल याचा विचार व्हावा.

आता तंबू लागतो तेव्हा काय होतं ते बघा. जमीन साफ करतात, म्हणजे गवत आणि खडे बाजूला लोटतात. खिळे जात नाहीत कारण खाली कातळ, म्हणून दोऱ्या बांधायला मोठे दगड उचलून आणतात. पाऊस येईल असं वाटलं तर तंबूभोवती चर खणतात. या तिन्ही गोष्टी मीसुद्धा केल्या आहेत. पहिल्या काही वर्षांत मुलींना चर कसा खणायचा हे मी शिकवत असे, आणि त्याचं आज वाईट वाटतं. बोटभर मातीत खणलेला चर पहिल्या मोठ्या पावसात ओहोळ होतो आणि भोवतीची माती त्यातून निघून जाते. पुढच्या वर्षी तिथे फक्त खडक दिसतो. दगड उचलला की त्याखालचं घर उघडं पडतं. विंचू, पाली, गोमी, आणि ओल असेल तिथे देवगांडूळ. देवगांडूळ हा बिनपायांचा उभयचर प्राणी, बेडकाचा नातलग. दगडाखालच्या ओल्या मातीत मादी अंड्यांना वेटोळं घालून बसते. त्याची एक जात तर पहिल्यांदा नोंदली गेली तीच खंडाळ्याहून. दगड पुन्हा जागेवर ठेवला तरी खालची ओल तशी राहत नाही, आणि ठेवतो तरी कोण?

चुलीचं तर विचारूच नका. बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या या काळ्या दगडावर, थेट जाळ केला की त्याचे पापुद्रे सुटतात. सकाळी राख झटकली की खाली ताज्या फुटलेल्या दगडाचं करडं वर्तुळ दिसतं, ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. त्या दगडावर जे दगडफूल होतं ते जळून जातं. गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो त्याच कुळातलं हे. बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधारानं राहतात तेव्हा ते बनतं, आणि वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. तळहाताएवढं दगडफूल दिसलं तर ते त्या मुलाच्या वयाचं असू शकतं. टिटवीच्या त्या पठारावर अशी काळी-करडी वर्तुळं मी एका चकरेत चौदा मोजली.

आणखी एक गोष्ट अगदी जवळून पाहण्यासारखी आहे. जुलैमध्ये कातळातल्या खळग्यांत पाणी साठतं. ओंजळभर पाण्यापासून हौदाएवढ्या पाण्यापर्यंत. अशाच एका खळग्यात वाकून पाहिलं तर बोटाच्या पेराएवढे, काचेसारखे जीव उलटे पोहताना दिसतात. कोळंबीच्या जातीचे. पाणी आटलं की मोठे मरतात, पण त्यांची अंडी चिखलात राहतात आणि तो चिखल वाळून, उन्हात भाजून निघाला तरी मरत नाहीत. पुढचं पाणी आलं की फुटतात. काही अंडी तर एक पाऊस सोडून दुसऱ्या-तिसऱ्या पावसाची वाट पाहतात. उन्हाळ्याला पुरून उरणाऱ्या या जीवाला भांडी घासायच्या साबणाचा फेस मात्र सहन होत नाही. मुक्कामाच्या जागेजवळचं पाणी म्हणजे भांडी धुवायचं पाणी, हे इतकं साधं गणित आहे की कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

या सगळ्यावर सोपा उपाय म्हणून बंदीचा फलक लावता येतो. तो लावावा असं मला सांगणारे पुष्कळ भेटतात. दर पावसाळ्यात धबधबे आणि धरणांच्या ठिकाणी बंदीचे आदेश निघतात, ते जीव वाचवण्यासाठी आवश्यकच असतात, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण पठारांच्या बाबतीत माझा अनुभव असा की एका ठिकाणी फलक लागला की शनिवारची गर्दी शेजारच्या डोंगरावर सरकते. आणि शेजारचा डोंगर बहुधा आधीच्यापेक्षा जास्त अस्पर्शित असतो. मागच्या सात-आठ वर्षांत मी अशी तीन पठारं पाहिली आहेत, जिथे पूर्वी फक्त गुराखी जायचे आणि आता रात्री दिव्यांच्या माळा दिसतात. लोकांना बाहेर पडायचं आहे. आठवडाभर हिंजवडीला काचेच्या इमारतीत बसलेल्या मुलामुलींना आभाळाखाली एक रात्र हवी आहे, आणि ती हवी असणं चांगलं आहे. त्यांना जागा नाही दिली तर ते जागा शोधतील.

कास पठाराचं उदाहरण आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास आलं आणि गर्दी उसळली. तिथे आधी नोंदणी, ठरावीक संख्या, शुल्क असं सगळं बसवावं लागलं. जाळीचं कुंपणही घातलं, आणि पुढे तेच काढावं लागलं. गुरांची ये-जा थांबली की गवत माजतं आणि फुलांना जागा उरत नाही, हे स्थानिक लोक सांगत होते. मला त्यातून एवढंच कळलं की खालचं गाव बाजूला ठेवून वरचं पठार राखता येत नाही.

थोडं विषयांतर करते. माझी भाची कॅलिफोर्नियात ओकलंडला राहते. तिच्याकडे गेले होते तेव्हा तिनं मला शहराला लागूनच असलेल्या सिब्ली ज्वालामुखी उद्यानात नेलं. राउंड टॉप नावाची टेकडी, सुमारे १ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा उरलेला भाग. आपल्या दगडापुढे अगदी अलीकडचा. तिथे पूर्वी दगडाच्या खाणी होत्या, त्यामुळे ज्वालामुखीचं पोट उघडं पडलेलं दिसतं, आणि मी भूगोलाची बाई असल्यामुळे तिथून हलायला तयार नव्हते. १९३६ पासून ती जागा सार्वजनिक उद्यान म्हणून राखलेली आहे. त्या उद्यानात पाठीवर सामान घेऊन चालत येणाऱ्यांसाठी मुक्कामाची जागा आहे, पण ती ठरलेली. आधी नाव नोंदवायचं, त्याच जागी राहायचं. बाकीच्या डोंगरावर पायवाटेनं फिरायचं, तंबू टाकायचा नाही. शहराला इतकं खेटून असूनही त्या टेकडीवर मला एक चूल दिसली नाही. तिकडचं सगळं चांगलं असं मला म्हणायचं नाही. तिथे पायथ्याला गाव नाही, पिठलं-भाकरी नाही, वाटेत हाक मारून ताक देणारं कुणी नाही. पण मुक्कामाची जागा आधी ठरवून टाकली की बाकीचा डोंगर आपोआप मोकळा राहतो, ही गोष्ट मी तिथे डोळ्यांनी पाहिली.

आपल्याकडे त्याहून चांगली सोय आधीपासून आहे. ती म्हणजे पायथ्याचं गाव.

ज्या पठाराबद्दल लिहिते आहे त्याच्या पायथ्याला एक मामा आहेत. गेली पंधरा वर्षं आमचा चहा त्यांच्या ओसरीवर होतो. टिटवीच्या त्या रविवारी खाली उतरल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, रातभर गाणी वाजत व्हती. गुरं बिथरत्यात, दावी तोडत्यात. पोरांना काय बोलावं, आपलीच पोरं हायेत." मग थोडं थांबून म्हणाले, "आमची खालची दोन खाचरं भात काढलं की मोकळीच असत्यात. तितं ऱ्हावा की. वर कशाला जायाचं रातीचं?"

त्या क्षणी मला त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. भातखाचरं डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत मोकळी असतात. जमीन आधीच नांगरलेली, सपाट, बांध घातलेली. तिथे तंबूचा खिळा ठोकला तर कुणाचं नुकसान नाही. पाणी गावच्या विहिरीचं किंवा नळाचं, सांडपाणी परसातल्या केळीला. संडास गावात आहे, नसेल तर दोन बांधता येतील. चूल गावातल्या घरातली. शेकोटी हवीच असेल तर ती खाचरातल्या मातीवर, कातळावर नाही. पहाटे चार-साडेचारला उठून, गावातल्या एखाद्या जाणत्या मुलाबरोबर वर चढायचं, सूर्योदय पाहायचा, कातळावर पाठ टेकायची आणि ऊन तापायच्या आत खाली यायचं. मे महिन्यात टिटव्या, चंडोल, रातवे जिथे अंड्यांवर असतात तो भाग गावातल्या मुलाला माहीत असतो, तो तिथून नेणार नाही. रात्रीचं आभाळ खाचरातूनही तेवढंच दिसतं. उलट डोंगराच्या आडोशानं शहराचा उजेड कमी लागतो.

म्हणून माझी विनंती अशी आहे की पुण्याच्या आसपास ज्या पठारांवर आज तंबू लागतात त्यांची एकदा पाहणी करून, पठार पूर्णपणे तंबूमुक्त जाहीर करावं आणि त्याच वेळी, त्याच आदेशात, पायथ्याच्या गावातली मुक्कामाची जागा जाहीर करावी. दोन्ही एकत्र. पहिलं आज आणि दुसरं यथावकाश असं झालं तर गर्दी पुन्हा पुढच्या डोंगरावर जाईल. जागेची व्यवस्था गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे, म्हणजे गावकरी आणि वनखातं यांच्या एकत्र समितीकडे, असावी. सिंहगडावर अशाच समितीमार्फत येणाऱ्यांकडून उपद्रव शुल्क घेण्याची पद्धत आहे, त्यामुळे ही कल्पना आपल्या खात्याला नवीन नाही. एका रात्री किती तंबू, हे गावानं आणि आपल्या वनरक्षकानं मिळून ठरवावं. पावसाळा सुरू झाला की खाचरं लावणीला जातात, तेव्हा मुक्काम आपोआप बंद. पठारालाही नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त विश्रांती लागते. शेतकऱ्याचं वर्ष आणि पठाराचं वर्ष इतकं जुळतं हे मला फार बरं वाटतं.

सगळी पठारं वनखात्याच्या ताब्यात नाहीत हे मला माहीत आहे. काही गायरान आहेत, काही खासगी, आणि किल्ल्यांचे माथे पुरातत्त्व खात्याकडे. राजगड, लोहगड, शिवनेरी जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, आता तिथली गर्दी आणखी वाढेल, आणि मुक्कामाला जागा मिळाली नाही की ती आजूबाजूच्या सोंडांवर आणि पठारांवर पसरेल. तो उतार आणि ती सोंड बऱ्याच ठिकाणी वनहद्दीत येते. म्हणूनच सुरुवात आपल्याकडून व्हावी असं वाटतं. आपण जागा दाखवून दिलीत तर खासगी जमिनीवाल्यांनाही एक नमुना मिळेल.

कायद्याची उणीव आहे असं मला वाटत नाही. राखीव वनात आग लावण्याबद्दल १९२७ चा वन कायदा आहे, अभयारण्यात विस्तव पेटवण्याबद्दल १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ३० आहे, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांबद्दल २००० चे नियम आहेत. पण एका वनरक्षकाच्या वाट्याला किती डोंगर येतात, आणि शनिवारी रात्री अकरा वाजता तो एकटा चाळीस जणांना काय सांगणार, हे मी पाहिलेलं आहे. त्याच्या हातात 'इथे नाही, पण तिथे आहे' असं सांगायला काहीतरी असलं पाहिजे.

काजव्यांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण काजवे पाहण्याचे मुक्काम मेच्या शेवटी आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतात आणि ते पठारापेक्षा झाडीत होतात. राजमाचीला, भीमाशंकरच्या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा, जांभळीची झाडं चमकताना ज्यांनी पाहिली त्यांना ती आयुष्यभर आठवतात. पण तो उजेड म्हणजे बोलणं असतं. नर उडता उडता विशिष्ट लयीत चमकतो, मादी पानावर किंवा गवतात बसून उत्तर देते. मध्ये मोबाइलचा दिवा आला की ते बोलणं तुटतं. आणि ती मादी बहुतेक वेळा बुटांच्या उंचीवर असते. इथेही मुक्काम गावात, पाहणं ठरलेल्या वाटेवरून, दिवा लाल कागद लावलेला आणि जमिनीकडे वळवलेला, एवढं झालं तरी पुष्कळ होईल. डोक्याला दिवा बांधून कुणालाही झाडीत शिरू देऊ नये.

एक शंका मला स्वतःलाच होती. जागा ठरली, शुल्क आलं, की साध्या घरातल्या मुलांचं काय? माझ्या शाळेतल्या कितीतरी मुली अशा होत्या ज्यांचे आईवडील दोनशे रुपयेही सहज देऊ शकत नव्हते. त्यांनी ती गरम दगडाची रात्र अनुभवली कारण ती फुकट होती. म्हणून आग्रहानं मागते की महानगरपालिका, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांच्या मुलांसाठी प्रत्येक मुक्कामाच्या जागेवर आठवड्यातले दोन दिवस, शनिवार-रविवार सोडून, शुल्काशिवाय राखून ठेवावेत. जेवणाचे पैसे गावाला मिळालेच पाहिजेत, ते शाळा उभे करतील. आम्ही उभे करायचो.

मी पुन्हा त्या मुलाला भेटले. त्याचा फोन नंबर घेतला होता. कोथरूडला चहाला बोलावलं आणि मामांचं म्हणणं सांगितलं. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा की खाचरात किती तंबू बसतील. मग आम्ही कागदावर खाचरांचा अंदाज काढला. एका खाचरात दाटी न करता दहा-बारा बसतात. दोन खाचरांत वीस-बावीस. तो म्हणाला की पस्तीसऐवजी वीस न्यावे लागले तरी चालेल, जेवण आणि पाणी वर न्यायचे कष्ट वाचतात. त्याच्यासारखे तंबू नेणारे आणखी सहा जण त्याच्या ओळखीचे आहेत, त्यांच्याशी तो बोलला आहे. मामांनी गावात विषय काढला आहे. माझ्या जुन्या विद्यार्थिनींपैकी तिघी, आता त्यांची स्वतःची मुलं शाळेत आहेत, गावातल्या मुलांना फुलं, पक्षी आणि दगड यांची माहिती द्यायला शनिवार देणार आहेत. मीही देईन. गुडघे कुरकुर करतात, पण चढ अजून जमतो.

आता आपल्याकडून हवं आहे ते एवढंच. येत्या डिसेंबरात भात कापून झालं की आपल्या कार्यालयातल्या कुणीतरी एक दिवस आमच्याबरोबर त्या गावी यावं. मी पठारावरची ती चौदा वर्तुळं दाखवीन, मामा त्यांची खाचरं दाखवतील, आणि तिथेच ओसरीवर बसून त्या एका जागेपुरता, एका हिवाळ्यापुरता प्रयोग कसा करायचा ते ठरवता येईल. पठाराचं आणि गावाचं नाव मी आपल्याला वेगळ्या पत्रानं, खात्याच्या पत्त्यावर कळवते आहे.

येण्याची तारीख कळवावी. मामांना भाकऱ्या किती टाकायच्या ते आदल्या दिवशी सांगावं लागतं.

आपली,
भूगोलाची एक निवृत्त शिक्षिका,
पुणे